चौथ्या मजुराचे चौऱ्याहत्तर

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याला पाच-सहा वर्षं होऊन गेली होती. भंडाऱ्याच्या ज्या कॉलेजात मंगलाबाई निनावे अर्थशास्त्र शिकवत, तिथं एखादा प्राध्यापक निवृत्त झाला की त्याची जागा रिकामीच राही. मग तासिका तत्त्वावर कोणीतरी नवं पोर ठेवायचं, जितके तास घेतले तितके पैसे द्यायचे आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा ठेवायचं की नाही ते नंतर बघायचं, अशी रीत पडून गेली होती. त्या रीतीनं त्या वर्षी स्वाती लांजेवार आली.

स्वाती परकी नव्हती. पवनी तालुक्यातल्या आसगावची, धानकऱ्याच्या घरची. आठ वर्षांपूर्वी याच कॉलेजात मंगलाबाईंच्या समोर दुसऱ्या बाकावर बसायची. तेलानं चोपडलेल्या दोन वेण्या आणि हातात कायम उघडी वही. अर्थशास्त्रात कॉलेजातून पहिली आली तेव्हा मंगलाबाईंनीच तिला नागपूरला एम.ए.ला जायला सांगितलं होतं, वसतिगृहाच्या अर्जावर सहीसुद्धा त्यांचीच. म्हणून जूनमध्ये ती पाया पडायला आली तेव्हा मंगलाबाईंना आपलीच लेक नोकरीला लागल्यासारखं वाटलं. हे वाटणं पुरतं तीन आठवडे टिकलं.

मंगलाबाईंच्या नोट्स त्या काळी जिल्ह्यात प्रसिद्ध होत्या. नोकरीला लागल्या त्या वर्षी त्यांनी इंग्रजी पुस्तकं पुढ्यात घेऊन, एकेक वाक्य मराठीत बसवून, लांब रजिस्टरमध्ये त्या लिहून काढल्या होत्या. तेव्हापासून सत्तावीस वर्षं त्या ते रजिस्टर टेबलावर उघडत, ‘लिहून घ्या’ म्हणत आणि एका लयीत सांगत जात. स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला पोरांकडे बघत. मोठ्या बहिणीची वही धाकटीला जाई, धाकटीची शहापूरच्या मावसबहिणीला. ‘निनावे मॅडमच्या नोट्स असल्या तर नापास होणं नाही,’ असं लोक म्हणत, आणि ते खरंच होतं. कोणी मध्येच काही विचारलं तर मंगलाबाईंचा एक ठरलेला शब्द होता. स्वातीनंच एकदा विचारलं होतं, “मॅडम, धान्य मोजायचं ते बुशेल म्हणजे किती पायल्या?” मंगलाबाईंना ते ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, “लिहून घे.”

त्या वर्षी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला पोरं जास्त झाली आणि दोन तुकड्या पाडाव्या लागल्या. अ तुकडी मंगलाबाईंकडे, ब स्वातीकडे. खोल्या कमी, म्हणून मोठ्या हॉलच्या मधोमध प्लायवूडची भिंत ठोकली आणि दोन्ही तुकड्या एकाच वेळी, एकाच विषयाला, भिंतीच्या दोन अंगांना बसू लागल्या.

इकडे पेनांची खरखर. तिकडे बाजार.

“एका बांधीत धानाची रोवणी लावाची आहे,” स्वातीचा आवाज यायचा. “बाई एकच आहे. काय होईल?”

“सांज होईल, मॅडम!”

“दुसरी आली?”

“बोलाले सोबत झाली. हात चालते.”

“तिसरी? चौथी? रीता, तू सांग. तुमच्या बांधीत किती बाया सांगते तुझी आई?”

“पाच. सहावी आली त चिखलात पाय ठेवाले जागा नाही राहत. लावलेलं धानच तुडवते.”

“अन् सातवी?”

“सातवी चिखलाबाहेर धुऱ्यावर उभी राहील, मॅडम, चहा घेऊन!”

“नाही मॅडम, सातवी माही मामी आहे. तोंड एवढं चालते तिचं, का बाकीच्या सहा जणींचं काम खोटी होते!”

“मग मामीची भर किती? म्हणजे तिचं सीमांत उत्पादन?”

चाळीस पोरांचा एकच गिल्ला, “उणे!” आणि हसू असं फुटलं की प्लायवूड थरथरली.

त्याच वेळी इकडे मंगलाबाई तोच घटत्या फलाचा नियम सांगत होत्या. कोष्टक चाललं होतं. एक मजूर, एकूण उत्पादन वीस. दोन मजूर, अडतीस. तीन मजूर, त्रेपन्न. बोलता बोलता त्यांचे डोळे रजिस्टरवर होते आणि कान पलीकडे. मामीची गोष्ट त्यांनी पूर्ण ऐकली. आपल्या पोरांकडे पाहिलं तर तेही कान टवकारून बसलेले. मागच्या बाकावरचा कारध्याचा अंकुर, जो रोज पुलावरून सायकल हाणत येई आणि तास संपेपर्यंत पेंगत असे, तो आज चक्क जागा होता आणि भिंतीकडे बघून हसत होता.

“इकडे लक्ष!” मंगलाबाई ओरडल्या. “चार मजूर. एकूण उत्पादन चौऱ्याहत्तर. सीमांत उत्पादन अकरा. पुढं.”

पेनं खरखरली.

दिवाळीपर्यंत अ तुकडीतली सात-आठ पोरं ब तुकडीत जाऊन बसायला लागली. हजेरी इकडे लावायची आणि मागच्या दारानं तिकडे. मंगलाबाईंनी ते पाहिलं आणि हजेरी तशीच लावून टाकली. पण स्टाफरूममध्ये स्वाती डबा उघडून “मॅडम, घ्या ना, घरच्या तलावाची मासोळी आहे,” म्हणाली की त्यांना त्या दिवशी नेमका उपास असे. स्वातीच्या साडीला कोणी बरं म्हटलं तर त्या खिडकीबाहेर बघत. ती गोरी नाही, उंच नाही, इंग्रजी बोलताना अडखळते, या गोष्टी त्या मनातल्या मनात पुन्हा पुन्हा तपासून बघत, जसं दुखरा दात जिभेनं चाचपावा. पोरं तिला ‘आमच्या मॅडम’ म्हणतात हे त्यांनी ऐकलं होतं. सत्तावीस वर्षांत त्यांना पोरं ‘निनावे मॅडम’च म्हणत आली. आमच्या कधी म्हटलं नव्हतं.

डिसेंबरात एक दिवस त्या प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. प्राचार्य पुंडलिकराव त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी नोकरीला लहान, त्यामुळे त्या आल्या की ते अर्धे उठून उभे राहत.

“लांजेवारचा सिलॅबस मागे पडून राहिला, सर. तास म्हणजे नुसता गोंधळ. पोरांच्या वहीत एक ओळ नाही. परीक्षेत लिहितील काय?”

“पोरं तर खूश आहेत म्हणते, मॅडम.”

“मंडईच्या जत्रेतही पोरं खूशच असतात.”

पुंडलिकरावांनी चष्मा काढून पुसला. त्यांना भांडण नको होतं. “असं करू,” ते म्हणाले. “जानेवारीत दोन्ही तुकड्यांची एकच चाचणी घेऊ. पेपर तुम्ही काढा, तपासा तुम्हीच. ब तुकडी जर फारच मागे राहिली, त जूनमध्ये लांजेवार मॅडमले नाही बोलवायचं. दुसरं कोणी पाहू.”

हेच तर मंगलाबाईंना हवं होतं. जिना उतरताना त्यांना हलकं वाटलं. पुढच्या वर्षी त्या स्वतः निवृत्त होणार होत्या. जाताना या कॉलेजात अर्थशास्त्र म्हणजे निनावे मॅडम एवढंच राहावं, दुसरं नाव नसावं, इतकीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या मते ती काही फार मोठी नव्हती.

पेपर काढताना त्यांनी वीस मार्कांचा मुख्य प्रश्न दिला: घटत्या फलाचा नियम कोष्टकासह स्पष्ट करा. ‘कोष्टकासह’ हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला. अ तुकडीला कोष्टक तोंडपाठ होतं. ब तुकडीकडे मामी होती.

चाचणी झाली, आणि रविवारी दुपारी मंगलाबाई दोन्ही गठ्ठे घेऊन घरच्या ओसरीवर बसल्या. निनाव्यांचं घर कोष्ट्याचं, सासऱ्यांपर्यंत घरात माग होते. आता माग गेले आणि पुढच्या खोलीत कृष्णरावांचं हातमागाच्या लुगड्यांचं दुकान राहिलं. दुकान रविवारी अर्धं बंद असे. कृष्णराव, म्हणजे मंगलाबाईंचे यजमान, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसले होते.

मंगलाबाईंनी आधी ब तुकडीचा गठ्ठा सोडला. कधीकधी माणूस गोड आधी खातं, तसं.

पण ते गोड लागेना. कोणी रोवणीवर लिहिलं होतं, कोणी विटाभट्टीवर, कोणी आपल्या काकाच्या पानठेल्यावर, जिथं दोघे भाऊ बसले तर धंदा वाढला आणि तिसरा बसला तर गिऱ्हाईकाला उभं राहायला जागा उरली नाही. भाषा धड नव्हती. व्याख्या अर्धवट होत्या. पण प्रत्येकाचं कोष्टक होतं, आणि प्रत्येकाचं वेगळं होतं, आणि मंगलाबाईंनी बोटांवर बेरजा करून पाहिल्या तर बहुतेकांचं बरोबर होतं. त्या लाल पेन टेकवायला जागा शोधत राहिल्या.

मग मेघा नावाच्या पोरीचा पेपर आला. अक्षर बारीक, सरळ. आपलं कोष्टक संपवून तिनं खाली लिहिलं होतं:

‘मी निनावे मॅडमच्या नोट्सही वाचल्या आहेत. त्यातील कोष्टकात चौथ्या मजुराचे एकूण उत्पादन ७४ दिले आहे. पण ५३ मध्ये ११ मिळवले तर ६४ होतात. ७४ खरे धरले तर चौथ्या मजुरामुळे एकदम २१ वाढतात आणि पाचवा आल्यावर ३ कमी होतात. मग हा नियमच राहत नाही. आमच्या वर्गात यावर चर्चा झाली. लांजेवार मॅडम म्हणाल्या, लिहून घेणाऱ्याची चूक असेल, निनावे मॅडमची चूक होणार नाही.’

मंगलाबाई उठल्या. आत जाऊन रजिस्टर घेऊन आल्या. पान जुनं, कडा फाटलेल्या, पण आकडा स्वच्छ होता. चौसष्ट. त्यांना बरं वाटलं. चूक पोरांची. त्यांनी अ तुकडीचा गठ्ठा सोडला आणि वरचा पेपर पाहिला. चौऱ्याहत्तर. दुसरा पाहिला, चौऱ्याहत्तर. मग त्या नुसती ती एक ओळ बघत पेपर उलटत गेल्या. एक्केचाळीस पेपर होते. एक्केचाळीस वेळा चौथ्या मजुरानं चौऱ्याहत्तर पिकवले होते, त्याच्यापुढं सीमांत अकरा होते, आणि पाचव्यानं एकाहत्तरवर आणून ठेवलं होतं. एकाही पोरानं पेन थांबवलं नव्हतं.

तेव्हा त्यांना तो दिवस आठवला. मामी, तो गिल्ला, अंकुरचं हसू, आणि आपलं ओरडणं.

आणि त्याहून वाईट म्हणजे, स्वातीला हे ठाऊक होतं. अ ची पोरं त्याच वह्या घेऊन दिवाळीपासून तिच्या वर्गात बसत होती, म्हणजे महिनोन्‌महिने ठाऊक होतं. ती मासोळीचा डबा पुढं करत होती आणि तिला ठाऊक होतं. ती बोलली असती तर मंगलाबाईंना तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

त्यांनी पेन्सिल घेतली आणि मार्कांची यादी करायला लागल्या. आकड्याची तर चूक, एवढ्यासाठी काय मार्क कापायचे. अ तुकडी: सोळा, सतरा, सोळा. ब तुकडी: व्याख्या नाही, नऊ. भाषा अशुद्ध, आठ. पानठेला हे अर्थशास्त्रीय उदाहरण नाही, सात. मेघाच्या नावापुढं त्यांची पेन्सिल थांबली.

“काय झालं?” कृष्णरावांनी विचारलं. “लय वेळची एकच पेपर धरून बसली.”

“काही नाही.”

कृष्णरावांनी उठून येऊन पेपर घेतला, चष्मा कपाळावर सरकवून सगळा वाचला आणि मोठ्यानं हसले. “वा! तुह्यीच चूक काढली अन् तुलेच तपासाले पाठवली. पोरगी जबर आहे. तुह्या वर्गातली आहे का?”

“नाही. दुसऱ्या तुकडीतली आहे.”

“बरं. मग तुहा एखादा दाखव.”

ते सहज बोलले होते. दुकानात गिऱ्हाईकाला एक साडी दाखवली की दुसरी दाखवायची, तेवढ्या सहज. मंगलाबाईंनी खरंच गठ्ठ्यात हात घातला. वरून एक काढला, मधून एक काढला. दाखवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. प्रत्येक पेपर त्यांचाच होता, त्यांचेच शब्द, त्यांचेच स्वल्पविराम. त्यात पोर कुठंच नव्हतं.

“झोपा थोडं,” त्या म्हणाल्या. “मले काम करू द्या.”

दुसऱ्या दिवशी अ तुकडीच्या तासाला त्यांनी रजिस्टर उघडलं नाही. फळ्यावर ते कोष्टक लिहिलं, चौऱ्याहत्तरसकट, आणि मागं वळून म्हणाल्या, “यात काय चुकलं आहे?”

एक्केचाळीस माना खाली गेल्या आणि पेनं चालू लागली. पोरं प्रश्नसुद्धा लिहून घेत होती.

“लिहू नका. सांगा.”

पेनं थांबली. पलीकडून स्वातीच्या वर्गाचा गलका येत होता. मंगलाबाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. सत्तावीस वर्षांत इतका वेळ न बोलता त्या वर्गात कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. पहिल्या बाकावरच्या एका पोरीनं हळूच हात वर केला. त्यांना आशा वाटली.

“मॅडम, हे पेननं काढाचं का पेन्सिलनं?”

मागं कोणीतरी खुदकन हसलं. अंकुर होता.

“तुले काहून हसू येऊन राहिलं?” मंगलाबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून वर्गात घरची बोली निघाली, ते पोरांनी प्रथमच ऐकलं.

अंकुर उभा राहिला. “मॅडम, तसं नाही… चौथा माणूस आला त चौऱ्याहत्तर झालं. अन् पाचवा आला त एकाहत्तर. मंग तीन गेले कुठी? पाचव्यानं खाल्ले का?”

वर्ग हसला. प्लायवूडच्या या अंगाला. मंगलाबाईंनाही हसू आलं आणि ते त्यांनी दाबलं नाही.

“खाल्ले नसतील,” दुसरा एक म्हणाला. “पाचवा त्या मामीसारखा असंन.”

“मंग सहावा आल्यावर तीन वाढून पुन्हा चौऱ्याहत्तर कसे झाले? मामी चूप बसली का?”

“आकडाच चुकला आहे, बावा! त्रेपन्न अन् अकरा किती होते?”

“चौसष्ट!”

“मग मॅडम, हे चुकलं कोणाचं?”

“माझं,” मंगलाबाई म्हणाल्या. “मी चुकीचं सांगितलं. तुम्ही चुकीचं घेतलं. दोन-दोन मार्क तुमचे कापते. माझे कोण कापतं ते पाहू.”

तास संपल्यावर त्यांनी पेन्सिलची यादी फाडली आणि पेनानं नवी केली. ब तुकडी सरासरीत अ च्या वर गेली, चांगली दोन-अडीच मार्कांनी. हे करताना त्यांना उदात्त वगैरे काही वाटलं नाही. ‘मेघा, अठरा’ लिहिताना पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावर वळ उमटला.

प्राचार्यांच्या खोलीत त्या गेल्या तेव्हा स्वाती तिथंच बसली होती. तिला बोलावलं होतं. चाचणीवर काय अवलंबून आहे ते तिला कळलेलं दिसत होतं, कारण ती पदर बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

पुंडलिकरावांनी यादी पाहिली, मग मंगलाबाईंकडे पाहिलं. “म्हणजे… लांजेवार मॅडमले जूनमध्ये बोलवायचं?”

“बोलवायचं.”

स्वातीनं श्वास सोडला. ती उठून पाया पडायला वाकणार, तेवढ्यात मंगलाबाई म्हणाल्या, “पण माझी एक अट आहे, सर. पुढचं माझं शेवटचं वर्ष आहे. ही ब तुकडी दुसऱ्या वर्षाला जाईल, ती मले पाहिजे. अ हिला द्या.”

“अहो, पण…”

“सत्तावीस वर्षांत मी काही मागितलं नाही.”

पुंडलिकरावांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि फोन वाजल्यावर ते त्यावर बोलायला लागले. दोघी व्हरांड्यात आल्या.

स्वाती वाकलीच नाही. तिचा चेहरा पार उतरला होता. “मॅडम,” ती म्हणाली, “ते पोरं मी… जूनमध्ये तोंडसुद्धा नव्हते उघडत ते. रीता तर रडायची नाव घेतलं की. मेघाले बोलतं करायले मले दोन महिने लागले.”

“मग?”

“मग काही नाही.”

“बोल ना. जळून राहिलं ना आत?”

स्वातीनं वर पाहिलं. डोळे भरले होते, पण ओठ घट्ट मिटलेले. “हो,” ती म्हणाली.

मंगलाबाईंना तो चेहरा चांगला ओळखीचा होता. जूनपासून तो त्यांनी रोज सकाळी भांग पाडताना आरशात बघितला होता. त्यांना त्या पोरीची दया आली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

“मलेही असंच होऊन राहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “सात महिने. आता तू सोस काही दिवस.”

स्वातीनं नाक पुसलं. जराशानं ती म्हणाली, “ठीक आहे. घ्या ब. पण आज तुमच्या वर्गात ‘पाचव्यानं खाल्ले का’ म्हणून कोण बोललं होतं? माहे सगळे पोरं चूप होऊन ऐकून राहिले होते.”

“कारध्याचा अंकुर.”

“तो अ मधला आहे. मग तो मले येईल.” तिच्या डोळ्यांत पुन्हा चमक आली होती. “त्याले मी बरोबर तयार करीन.”

हे मंगलाबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. सत्तावीस वर्षांत एकच पोरगा फळ्यावरची चूक पकडून बोलला, तोही आजच, आणि तो त्यांनी स्वतःच्या तोंडानं देऊन टाकला होता. त्या उभ्या जागी थबकल्या.

“अंकुर नाही मिळायचा,” त्या म्हणाल्या. “त्याची तुकडी मी बदलून घेते. सर फोनवरून मोकळे झाले का पाह्य.”

“मॅडम! तुम्ही तर सगळंच घेऊन राहिल्या!”

पण मंगलाबाई तोवर परत वळल्या होत्या आणि प्राचार्यांच्या दारावर टकटक करत होत्या. मागून स्वातीही आली, जवळजवळ धावत, आणि दोघी एकदमच आत शिरल्या.